जबड्याचं आणि चेहऱ्याचं जुनाट दुखणं: कोणतं औषध कशासाठी, किती आणि त्यापुढे काय

चेहरा किंवा जबडा तीन महिन्यांहून जास्त काळ दुखत राहिला की त्याला जुनाट वेदना म्हणतात. एव्हाना बहुतेकांकडे दोन-तीन प्रकारच्या वेदनाशामक गोळ्या, एखादा अर्धवट सोडलेला अँटिबायोटिकचा कोर्स आणि दातांचे चार-पाच एक्स-रे जमलेले असतात. एक जण म्हणतो दाढ काढून टाका, दुसरा म्हणतो सायनस आहे, तिसरा म्हणतो टेन्शन घेऊ नका. तिघांच्याही औषधांनी फरक पडलेला नसतो.

फरक न पडण्याचं कारण बहुधा औषधाच्या ताकदीत नसतं. चेहऱ्याच्या वीतभर जागेत चावण्याचे स्नायू, कानापुढचा सांधा, दात, रक्तवाहिन्या आणि चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल ही नस एकमेकांना खेटून आहेत, आणि यातल्या एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. नसेच्या दुखण्यावर आयबुप्रोफेनच्या गोळ्या कितीही घेतल्या तरी त्या व्यर्थ जातात. स्नायूच्या दुखण्यात रूट कॅनल करून काही मिळत नाही, उलट एक चांगला दात कायमचा कमकुवत होतो. म्हणून या लेखाचा क्रम असा आहे: आधी दुखणं कोणत्या जातीचं ते ओळखायचं, मग मागे फिरता येतील असे उपाय करायचे, आणि ज्यातून मागे फिरता येत नाही ते (दात काढणं, दात यंत्राने घासून चावा, म्हणजे दातांची एकमेकांवर बसण्याची ठेवण, बदलणं, सांधा उघडणं) अगदी शेवटी ठेवायचं.

पुढे औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. त्या वाचून स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नये. यातली बरीच औषधं वय, मूत्रपिंड, हृदय आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्या पाहूनच द्यावी लागतात.

पहिली पायरी: थांबून चालणार नाही अशी लक्षणं

वय पन्नाशीच्या पुढे, कानशिलात नव्याने सुरू झालेलं दुखणं, केस विंचरताना टाळू हुळहुळते, आणि जेवताना दोन-चार घास चावले की जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं. हे वर्णन जुळत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही जायंट सेल आर्टरायटिस असू शकते, म्हणजे कानशिलाच्या रक्तवाहिनीला आलेली सूज. तिच्यात अचानक दृष्टी जाते, आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. रक्ताची ईएसआर आणि सीआरपी ही सूज दाखवणारी तपासणी लगेच होते. शंका दाट असेल तर बायोप्सीची वाट न पाहता स्टिरॉइड सुरू करतात, साधारण ४० ते ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन रोज. जबड्याच्या दुखण्यात तासांचा हिशेब ठेवावा लागतो अशा थोड्या आजारांपैकी हा एक.

चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखतो आणि बसल्यावर थांबतो, सोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. तिथे दंतवैद्याकडे जाण्यात वेळ घालवू नका.

याशिवाय चेहऱ्याचा एखादा भाग बधिर पडणं, एका कानाने कमी ऐकू येणं, तोंडात तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत गाठ, ताप आणि सुजेबरोबर तोंड न उघडणं, किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिसफॉस्फोनेटची औषधं घेत असताना हिरडीतून उघडं हाड दिसणं, ही सगळी लवकर दाखवण्याची कारणं आहेत.

दुसरी पायरी: दुखण्याची जात ओळखा

आरशासमोर बसा. दोन्ही हातांची बोटं कानाच्या भोकापुढे अर्ध्या इंचावर ठेवा आणि तोंड हळू उघडून मिटा. बोटांखाली जे सरकतं तो जबड्याचा सांधा. आता बोटं गालावर, खालच्या जबड्याच्या कोपऱ्याच्या थोडी वर आणा आणि दात घट्ट आवळा. जो टणक फुगवटा हाताला लागतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलावर बोटं ठेवून पुन्हा आवळा, तिथेही एक स्नायू उठतो. दात सोडा आणि या तिन्ही जागा पाच-पाच सेकंद दाबून पाहा. दाबल्यावर तुमचं तेच ओळखीचं दुखणं जागं झालं, तर ते बहुधा स्नायूचं किंवा सांध्याचं आहे. यालाच टीएमडी म्हणतात. 'तेच ओळखीचं' हे महत्त्वाचं, कारण जोरात दाबलं तर कोणालाही थोडं दुखतंच. शेवटी स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसतात का पाहा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा जास्त उघडतं. दोनच बोटं जात असतील तर तोंड उघडणं कमी झालं आहे, हे तपासणीत आवर्जून सांगा.

तोंड उघडताना कट्ट आवाज येतो म्हणून अनेक जण घाबरतात. न दुखणारा, तोंड न अडकवणारा आवाज खूप लोकांना असतो आणि त्याला उपचार लागत नाहीत.

नसेचं दुखणं निराळंच. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात विजेचा झटका बसावा तशी सणक येते, एका बाजूला, बहुतेक वेळा गालात किंवा खालच्या जबड्यात. ती काही सेकंद ते फार तर दोन मिनिटं टिकते. ती उठायला हलका स्पर्श पुरतो: दात घासणं, तोंड धुणं, बोलणं, गालावर आलेली वाऱ्याची झुळूक. या रुग्णांना कित्येकदा चेहऱ्यावरून ओळखता येतं. पुरुषाची एका बाजूची दाढी वाढलेली असते, दुसऱ्या बाजूची नीट केलेली असते, आणि दुखतं कुठे ते दाखवताना बोट गालापासून इंचभर लांबच थांबतं. टीएमडीचा रुग्ण नेमका उलट वागतो, तो सांगता सांगता गाल चोळत राहतो.

तिसरा प्रकार सतत जळजळणाऱ्या, ठणकणाऱ्या दुखण्याचा. दात काढल्यावर, रूट कॅनलनंतर, इम्प्लांट बसवल्यावर किंवा चेहऱ्याला मार लागल्यावर नस दुखावते. जखम भरते, पण आग होत राहते, मुंग्या येतात, एखादा भाग बधिर वाटतो. नागिणीचे फोड गेल्यावर राहणारं दुखणंही याच घराण्यातलं. काही वेळा कोणतंही कारण सापडत नाही, तपासण्या स्वच्छ येतात आणि तरी रोज काही तास दुखतं. त्याला पर्सिस्टंट इडिओपॅथिक फेशियल पेन म्हणतात. कारण सापडलं नाही याचा अर्थ दुखणं मनाचं आहे असा होत नाही.

दाताचं दुखणं शेवटी. थंड-गरम लागल्यावर ठणका, किंवा काही चावून दात सोडतानाची कळ, असं असेल तर किडलेला वा तडकलेला दात आधी बघून घ्यावा. तडा एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही.

दोन आठवडे वहीत टिपण ठेवा. लांबलचक लिहू नका. 'सकाळी ७, उठताच, दोन्ही गाल, ठणका, ५/१०, तासभर' एवढं पुरतं. सकाळी उठताच जास्त दुखत असेल तर झोपेत दात खाण्याची शंका येते, संध्याकाळी वाढत असेल तर दिवसभर दात आवळण्याची. डॉक्टरच्या दहा मिनिटांत तोंडी सांगण्यापेक्षा हे पान जास्त काम करतं.

तिसरी पायरी: स्नायू आणि सांध्याचं दुखणं

इथे औषधं दुय्यम आहेत, हे आधीच सांगून टाकतो. २०२३ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात जुनाट टीएमडीसाठी मार्गदर्शक शिफारशी आल्या. त्यांत ज्यांची जोरदार शिफारस झाली त्या यादीत एकही गोळी नाही. तिथे आहेत: तज्ज्ञाच्या देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम आणि ताण, जबड्याची हाताने केलेली हालचाल, स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींवर हाताने उपचार, मानेच्या-पाठीच्या ठेवणीचे व्यायाम, घरी करायची काळजी, आणि कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी.

शेवटच्या नावाने पुष्कळ जण बिथरतात. 'म्हणजे मला वेड लागलंय का?' तसं काही नाही. जुनाट वेदनेत मेंदूची धोक्याची घंटा संवेदनशील होऊन बसते. कमी झोप, चिंता आणि 'आता दुखेल' ही धास्ती तिला आणखी वाजवतात. ही थेरपी त्या चक्रावर काम करते, आणि दात आवळण्याची सवय मोडायलाही तिची मदत होते.

घरी करायचं ते असं. दिवसभर लक्षात ठेवायचा नियम: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला सैल टेकलेली. जेवताना आणि गिळताना सोडलं तर दातांनी एकमेकांना टेकायचं कारणच नाही. दर तासाला फोनवर खूण लावून तपासा. स्क्रीनकडे बघत काम करताना आणि गाडी चालवताना दात आवळलेले सापडतील, जवळजवळ सगळ्यांचेच सापडतात. दोन-तीन आठवडे मऊ खा, लहान घास घ्या, च्युइंगगम बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. दुखऱ्या गालावर ओलसर गरम कापड १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. नव्याने लागलेल्या सांध्याला मात्र थंड शेक बरा. व्यायाम सोपा आहे: जीभ टाळूला टेकलेली ठेवून ती न सोडता तोंड जितकं उघडेल तितकंच हळू उघडायचं आणि मिटायचं, एका वेळी सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. दुखणं वाढेपर्यंत ताणायचं नाही. फरक कळायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बहुतेक लोक दुसऱ्या आठवड्यातच सोडून देतात.

आता औषधं. भडका उडाला असेल तर सूज उतरवणारी वेदनाशामकं थोड्या दिवसांसाठी उपयोगी पडतात: आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा किंवा नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम दोनदा, जेवणानंतर. ती 'दुखलं की एक' अशी घेण्यापेक्षा ठरल्या वेळी, सात ते चौदा दिवस सलग घेऊन बंद करणं चांगलं. सांध्याच्या दुखण्यात त्यांचा उपयोग स्नायूंपेक्षा जास्त दिसतो. ज्यांना अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार आहे किंवा जे रक्त पातळ करणारी औषधं घेतात, त्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सांध्यावर डायक्लोफेनॅकचं जेल चोळणं हा त्यातल्या त्यात सौम्य पर्याय. पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं हे विसरू नका. जुनाट टीएमडीत त्याचा फारसा भरवसा नाही.

स्नायू सैल करणारं सायक्लोबेंझाप्रिन ५ ते १० मिलिग्रॅम झोपताना, एक-दोन आठवडे, हे सकाळी जबडा आखडणाऱ्यांना देतात. दुसऱ्या दिवशी सुस्ती राहते. दुखणं महिनोन्‌महिन्यांचं असेल आणि झोपही बिघडली असेल तर अमिट्रिप्टिलीन किंवा नॉरट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम रात्री सुरू करून हळूहळू २५ ते ५० पर्यंत नेतात. ही नैराश्याची जुनी औषधं, पण वेदनेसाठी लागणारी मात्रा त्याहून बरीच कमी असते. पाकिटावर 'अँटिडिप्रेसंट' वाचून गोळी कचऱ्यात टाकणारे कमी नाहीत, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं. गंमत अशी की नैराश्यासाठी दिली जाणारी एसएसआरआय गटातली काही नवी औषधं काही जणांत दात आवळणं वाढवतात. असं औषध सुरू झाल्यानंतर जबडा दुखू लागला असेल तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद मात्र करू नका.

दातांवर घालायच्या स्प्लिंट किंवा नाइटगार्डबद्दल मतं फाटलेली आहेत. वर उल्लेखलेल्या शिफारशींनी काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटबाबतही नकाराकडेच कल दाखवला आहे, आणि तरीही दंतवैद्य ते मोठ्या प्रमाणात देतात. माझं मत विचाराल तर: दात झिजत असतील तर ते वाचवायला स्प्लिंट जरूर घ्या, वेदना जाईल ही अपेक्षा मात्र बेताची ठेवा. घ्यायचंच तर सगळ्या दातांवर बसणारं, कडक अ‍ॅक्रिलिकचं, मापाचं घ्या आणि फक्त रात्री घाला. पुढच्या मोजक्याच दातांवर बसणारं उपकरण महिनोन्‌महिने वापरलं तर मागचे दात सरकून चावाच बदलू शकतो. आणि 'तुमचा चावा चुकीचा आहे, दात घासून नीट करतो' असं कोणी म्हणालं तर आभार मानून बाहेर पडा.

बोटॉक्सची इंजेक्शनं, गाठींमध्ये इंजेक्शन, त्वचेवरून सौम्य वीज सोडणारं टेन्स यंत्र, लेझर, सांध्यात हायलुरोनिक अ‍ॅसिड किंवा स्टिरॉइड, सुईने सांधा धुणं या सगळ्यांचा पुरावा जुनाट टीएमडीसाठी कच्चा आहे. कोणालाच उपयोग होत नाही असं नाही. सांध्यातली चकती सरकून तोंडच उघडेनासं झालेल्या रुग्णात सांधा धुण्याचा, म्हणजे आर्थ्रोसेंटेसिसचा, विचार होतो. दोन सुया सांध्याच्या पोकळीत घालून सलाईन सोडतात, भूल सहसा त्या भागापुरती देतात. पण व्यायाम आणि काळजी दोन-तीन महिने मनापासून केल्याशिवाय इथे यायचं कारण नाही. शस्त्रक्रिया तर फारच थोड्यांना लागते. सांध्याचा इतिहास सावध करणारा आहे: १९८० च्या दशकात अमेरिकेत टेफ्लॉनचा थर असलेले जबड्याच्या सांध्याचे इम्प्लांट बसवले गेले. ते तुटून त्याचे कण आसपासचं हाड खाऊ लागले, आणि शेवटी ते बाजारातून मागे घ्यावे लागले. ज्यांचं मूळ दुखणं साधं होतं असे लोकही त्यात आयुष्यभराचे रुग्ण झाले.

चौथी पायरी: विजेसारखी सणक

ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची शंका असेल तर एमआरआय एकदा करून घेतातच. रक्तवाहिनी नसेला चिकटली आहे का, गाठ आहे का, मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांच्या आवरणाचा आजार आहे का, हे त्यात पाहतात. रुग्ण चाळिशीच्या आतला असेल किंवा दोन्ही बाजूंना दुखत असेल तर ही तपासणी टाळू नका.

औषधांत पहिला मान कार्बामाझेपिनचा. हे फिट्सचं औषध १९६० च्या दशकापासून या दुखण्यावर वापरात आहे आणि अजून त्याला तोड नाही. बहुतेक रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच उतार जाणवतो. इतका की अजिबातच फरक पडला नाही तर निदान पुन्हा तपासून पाहावं. सुरुवात १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग दर दोन-तीन दिवसांनी १०० ते २०० वाढवत दिवसाला ४०० ते १२०० पर्यंत. वाढ हळू केली तर चक्कर, तोल जाणं, झापड कमी होते.

या औषधाबाबत चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एक, त्वचेवर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम ही जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी पहिल्या आठ आठवड्यांत जास्त दिसते. आशियाई वंशाच्या लोकांत एचएलए-बी*१५०२ हे जनुक असेल तर तिचा धोका बराच वाढतो, त्यामुळे गोळी सुरू करण्याआधी ही रक्ततपासणी विचारून घ्या. दोन, रक्तातलं सोडियम उतरू शकतं, विशेषतः म्हातारपणी आणि लघवीची गोळी चालू असेल तर. गोंधळल्यासारखं होणं हे त्याचं लक्षण, घरच्यांना ते वयाचं वाटतं. तीन, सोडियम, रक्तपेशी आणि यकृत यांची तपासणी सुरू करण्याआधी आणि नंतर अधूनमधून करावी लागते. चार, हे औषध यकृताचं काम वाढवतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या आणि वॉरफरिनसारखी औषधं कमी पडू लागतात. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी बोला. यकृताचं काम वाढल्यामुळेच काही आठवड्यांनी या औषधाचा स्वतःचा असरही थोडा उतरतो. औषध 'सवयीचं झालं' असं वाटतं, खरं तर शरीर ते लवकर संपवू लागलेलं असतं.

ऑक्सकार्बाझेपिन हा दुसरा पर्याय, ३०० मिलिग्रॅम दोनदा पासून साधारण १८०० पर्यंत. झापड कमी, इतर औषधांशी भांडणही कमी, पण सोडियम जास्त उतरवतं. ही दोन्ही सोसली नाहीत तर लॅमोट्रिजिन, बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन एकटी किंवा जोडीला देतात. लॅमोट्रिजिन अतिशय हळू वाढवावं लागतं, नाहीतर पुरळ उठतं, म्हणून घाईच्या दुखण्यात ते कामाचं नाही.

भडका इतका असेल की पाणीही पिता येत नाही, तर रुग्णालयात जा. शिरेतून फेनिटॉइन किंवा सणक उठणाऱ्या जागी भुलीचं इंजेक्शन देऊन वेळ निभावता येते, आणि शरीरातलं पाणीही भरून काढता येतं.

औषधं पुरत नसतील किंवा त्यांनी माणूस दिवसभर झोपाळलेला राहत असेल, तर शस्त्रक्रियेबद्दल लवकर विचारा. वर्षानुवर्षं मात्रा वाढवत राहणं हा शहाणपणा नाही. मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशनमध्ये कानामागे कवटीला छोटं भोक पाडून नसेला घासणारी रक्तवाहिनी बाजूला करतात आणि मध्ये टेफ्लॉनची गादी ठेवतात. अमेरिकेतल्या पीटर जॅनेटा यांच्या ११८५ रुग्णांचा अहवाल १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांनीही ७० टक्के लोक औषधाशिवाय वेदनामुक्त होते. पण ती मेंदूजवळची शस्त्रक्रिया आहे, त्या बाजूचं ऐकू येणं जाण्याचा थोडा धोका असतो. वय किंवा तब्येत साथ देत नसेल तर गालातून सुई घालून नसेला उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा फुग्याच्या दाबाने बधिर करतात. आराम लगेच मिळतो, चेहरा थोडा बधिर राहतो, आणि काही वर्षांत दुखणं परतू शकतं. गॅमा नाइफच्या किरणांना चिरा लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. तोवर गोळ्या चालूच ठेवायच्या असतात.

पाचवी पायरी: सततची आग आणि ठणका

दुखावलेल्या नसेच्या या दुखण्यात पूर्ण वेदनामुक्तीचं वचन कोणी देत असेल तर सावध व्हा. इथे वेदना निम्म्यावर आली तर औषध यशस्वी धरतात. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात नसेच्या सर्व प्रकारच्या दुखण्यांचा मिळून हिशेब असा निघाला: एका माणसाची वेदना निम्मी व्हायला अमिट्रिप्टिलीनच्या गटातलं औषध साधारण ३.६ लोकांना द्यावं लागतं, ड्युलॉक्सेटिनच्या गटातलं ६.४ आणि प्रेगाबालिन ७.७ लोकांना. म्हणजे पहिलं औषध लागू न पडणं हेच जास्त संभवतं. तुमचं नशीब खोटं नाही, गणितच तसं आहे. दुसरं औषध करून पाहायचं असतं.

अमिट्रिप्टिलीन किंवा नॉरट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅमपासून वर सांगितल्याप्रमाणे. तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात दात लवकर किडतात, तेव्हा फ्लोराइडची पेस्ट आणि घोटघोट पाणी. काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडणं किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर हे औषध नको. उतारवयात आधी ईसीजी. ड्युलॉक्सेटिन ३० मिलिग्रॅम आठवडाभर, मग ६०. मळमळ होते, पण बहुधा दोन आठवड्यांत जाते. ही औषधं ट्रॅमाडॉलबरोबर घेऊ नयेत. गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम रात्री सुरू करून तीन वेळांत वाटत १८०० किंवा वर, प्रेगाबालिन ७५ पासून ३०० पर्यंत दोन वेळांत. चक्कर, वजन वाढणं, पायावर सूज येणं हे त्यांचे त्रास, आणि मूत्रपिंड मंद असेल तर मात्रा कमी करावी लागते. दुखणारी जागा छोटी आणि त्वचेवर असेल तर लिडोकेनचा ५ टक्क्यांचा पॅच आधी करून पाहण्यासारखा आहे. तो दिवसातले बारा तास लावतात, आणि रक्तात फारसं काही जात नाही.

या दुखण्यात दात काढून घेण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण दुखतं दातातच. दाढ काढली, दुखणं शेजारच्या दातात गेलं, तीही काढली, असं करत अर्धं तोंड रिकामं झालेले लोक आहेत आणि दुखणं जागच्या जागी आहे. एक सोपी चाचणी मागा: त्या दाताला भुलीचं इंजेक्शन द्या. दात पूर्ण बधिर होऊनही दुखतच राहिलं तर दुखण्याचं मूळ त्या दातात असण्याची शक्यता कमी. पूर्ण थांबलं तरी लगेच दात काढू नका, एक्स-रे आणि तपासणीत दोष दिसतोय का ते विचारा.

जीभ आणि टाळूची जळजळ, तोंडात काहीही दिसत नसताना, हा वेगळा आजार. बी-१२, लोह, साखर, थायरॉइड, बुरशी आणि तोंडाचा कोरडेपणा आधी तपासतात. सगळं ठीक असेल तर क्लोनाझेपामची गोळी तोंडात तीन मिनिटं चघळून थुंकून टाकायची, गिळायची नाही, असा उपाय काही जणांना लागू पडतो. सवय लागण्याचा धोका असल्याने तो देखरेखीखालीच.

औषध करून कसं पाहायचं

एका वेळी एकच औषध बदला. दोन बदललीत तर कशाने बरं वाटलं आणि कशाने चक्कर आली ते कधीच कळणार नाही. अमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन यांना पुरेशा मात्रेत सहा ते आठ आठवडे द्या. 'तीन दिवस घेतलं, काही झालं नाही' ही चाचणी नव्हे. उतार वहीत आकड्यांनी लिहा, सोबत काय करता येऊ लागलं तेही: भाकरी चावता आली, फोनवर दहा मिनिटं बोलता आलं. मुदतीत वेदना ३० टक्केही कमी झाली नसेल तर ते औषध उतरवून पुढचं.

साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि मिश्र गोळ्या, ट्रिप्टान (मायग्रेनची औषधं) किंवा ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) १० दिवस किंवा जास्त अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर डोकेदुखी असणाऱ्यांना गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. कॅलेंडरवर गोळीच्या दिवसाला फुली मारत जा. ट्रॅमाडॉल, मॉर्फिनसारख्या ओपिऑइडचा जुनाट टीएमडीत उपयोग नाही, सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांबरोबर ती देण्याविरुद्ध त्या २०२३ च्या शिफारशी अगदी ठाम आहेत. ट्रायजेमिनल न्यूराल्जियातही ती कुचकामी ठरतात.

औषध उतरवताना

बरं वाटू लागलं की गोळी एकदम सोडण्याची घाई होते. कार्बामाझेपिन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलीन यांतलं एकही एकदम थांबवू नये. झोप उडते, घाम येतो, मळमळतं, आणि फिट्सची औषधं अचानक सोडल्यावर फिट येऊ शकते. पुरळ उठलं तर मात्र अपवाद, ते वर सांगितलंच. स्नायूंच्या दुखण्यात तीन-चार महिने चांगले गेले की दर एक-दोन आठवड्यांनी एक पायरी खाली उतरतात. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात सणकेविना महिने जातात आणि मग एखाद्या सकाळी दात घासताना ती परत येते. म्हणून गोळी उतरवताना शेवटची गुण देणारी मात्रा कागदावर लिहून ठेवा आणि सणक परतली तर काय करायचं, ती मात्रा किती दिवसांत गाठायची, हे डॉक्टरांकडून त्याच भेटीत लिहून घ्या. कार्बामाझेपिन बंद होऊन बरेच दिवस गेले असतील तर जुन्या मोठ्या मात्रेवर थेट उडी मारायची नसते, पुन्हा खालूनच चढायचं असतं.